प्रशिक्षण-लढाऊ विमान

प्रशिक्षण-लढाऊ विमान : वैमानिकाला जेट उड्डाणाचे शेवटच्या टप्प्यातील शिक्षण देण्यासाठी बांधलेले, पण शस्त्रे, रडार व जादा इंधनाची सोय केल्यावर हलके लढाऊ विमान म्हणूनही कामास येणारे विमान. मराठीत ‘शिकाऊ विमान’ हा शब्द रुळला आहे. मात्र शिकतो तो वैमानिक, म्हणून या नोंदीत ‘प्रशिक्षण विमान’ हा शब्द पत्करला आहे.

अशा विमानाची खूण म्हणजे त्याचे काचेचे छत. त्याखाली एकामागे एक दोन आसने असतात. पुढे विद्यार्थी बसतो, मागे शिक्षक. मागचे आसन पुढच्यापेक्षा उंच असते, त्यामुळे शिक्षकाला विद्यार्थ्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसते. बाजूने पाहिल्यास छताला पायरीसारखा चढ दिसतो आणि विमान आकाशात असतानाही तो ओळखू येतो.

या प्रकाराचा उगम नेमका कोणत्या विमानात मानावा, याविषयी एकमत नाही. एक मत फ्रान्सच्या फूगा मॅजिस्टरकडे (पहिले उड्डाण १९५२) जाते. १९६७ च्या युद्धात इस्रायलने मॅजिस्टर विमाने जमिनीवरील लक्ष्यांवर वापरली, हा या मताचा मुख्य आधार. परंतु मॅजिस्टर हे शस्त्र लावलेले प्रशिक्षण विमानच राहिले. हवेत शत्रूच्या विमानाशी झुंजण्याची त्याची ऐपत नव्हती. दुसरे मत ब्रिटनच्या फॉलंड नॅटला मान देते. लढाऊ विमाने दर पिढीगणिक जड आणि महाग होत आहेत, त्यावर लहान विमान हाच उतारा, ही नॅटचे अभिकल्पक टेडी पेटर यांची धारणा होती. एकासनी नॅट जुलै १९५५ मध्ये उडाले. ब्रिटनच्या वायुदलाने ते लढाऊ म्हणून घेतलेच नाही. १९५९ मध्ये उडालेली दोन आसनांची आवृत्ती मात्र प्रशिक्षणासाठी घेतली. भारताने नेमके उलट केले. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने नॅट परवान्याने बांधले व वायुदलाने ते १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढवले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या रक्षणात धारातीर्थी पडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों नॅटमध्येच होते. ते वायुदलातील परमवीरचक्राचे एकमेव मानकरी. नॅटचा दाखला भारतीय वाचकाला जवळचा वाटणे साहजिक आहे, पण त्याचा प्रवास लढाऊकडून प्रशिक्षणाकडे झाला.

तिसरे मत अमेरिकेच्या नॉर्थ्रप कंपनीच्या एन-१५६ आराखड्याचे आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास आखलेल्या या एकाच मुळातून टी-३८ प्रशिक्षण विमान आणि एफ-५ हलके लढाऊ विमान अशी दोन भावंडे निघाली. दोघांचीही पहिली उड्डाणे १९५९ मध्ये झाली. दोन्ही उपयोग कागदावरच्या आराखड्यापासून डोळ्यांसमोर होते, हे लक्षात घेता आजच्या अर्थाने उगम येथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पुढच्या पिढीत ब्रिटनचे हॉक (१९७४) महत्त्वाचे. शीतयुद्धाच्या उत्तरार्धात ब्रिटनने काही हॉक विमानांना साइडविंडर क्षेपणास्त्रे लावून तळांच्या संरक्षणाची राखीव फळी उभी केली. १९८६ मध्ये उडालेल्या हॉक-२०० मध्ये दुसरे आसन काढून नाकात रडार बसवले गेले. ओमान, मलेशिया व इंडोनेशिया यांनी ते घेतले. रशियाचे याक-१३० व इटलीचे एम-३४६ ही पुढे विभक्त झालेल्या एकाच संयुक्त प्रकल्पाची अपत्ये. दोन्ही आवाजाहून कमी वेगाची.

दक्षिण कोरियाचे टी-५० (पहिले उड्डाण २००२) या प्रकारातील आजचे सर्वांत ठळक विमान. ते ध्वनीच्या सुमारे दीडपट वेगाने उडते. अमेरिकेच्या लॉकहीड मार्टिनच्या साहाय्याने ते घडले आणि त्याचे इंजिन एफ-४०४ कुळातले, म्हणजे तेजसच्या इंजिनाचे सगोत्र. त्याची लढाऊ आवृत्ती एफए-५० फिलिपाइन्सने २०१७ च्या मारावी शहराच्या वेढ्यात वापरली. तेथे एक बॉम्ब लक्ष्य चुकून स्वपक्षाचे दोन सैनिक मृत्युमुखी पडले. २०२२ मध्ये पोलंडने ४८, तर २०२३ मध्ये मलेशियाने १८ विमानांची मागणी नोंदवली. मलेशियाचा करार ९२ कोटी डॉलरचा, म्हणजे विमानामागे पाच कोटींहून थोडे अधिक. अर्थात अशा करारांत विमानाखेरीज इतर बाबीही येत असल्याने हा भागाकार सावधपणे घ्यावा. अशा विमानांना लावले जाणारे ‘स्वस्त’ हे विशेषण खरे ठरते ते उड्डाणाच्या दर तासाला लागणाऱ्या खर्चात. एकच इंजिन, कमी इंधन, सोपी देखभाल आणि शिक्षणाला व गस्तीला तेच विमान. या स्वस्ताईची किंमत पल्ला, शस्त्रभार व रडारच्या नजरेत मोजावी लागते. बंडखोरांविरुद्ध किंवा सागरी गस्तीला हे चालते. आधुनिक लढाऊ विमानांसमोर आणि दाट हवाई संरक्षणासमोर त्यावर विसंबणे वैमानिकाच्या जिवाशी खेळणे होय.

भारताने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेतले ते शिक्षणासाठीच, आणि तेही फार उशिरा. ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये अशा विमानाची शिफारस केली; हॉकचा करार २००४ मध्ये झाला. मधल्या काळात तरुण वैमानिक ‘किरण’ या संथ जेट प्रशिक्षण विमानावरून थेट मिग-२१ या लढाऊ विमानावर जात. मिग-२१ ताशी ३०० किमी.हून अधिक वेगाने धावपट्टीला टेकते. या २२ वर्षांच्या दिरंगाईचा हिशेब पैशांत मांडता येत नाही. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने हॉक-आय ही शस्त्रसज्ज आवृत्ती तयार केली आणि जानेवारी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्याजवळ तिच्यावरून धावपट्टीनाशक अस्त्र सोडून पाहिले. ध्वनीहून वेगवान अशा एचएलएफटी-४२ या नियोजित प्रशिक्षण-लढाऊ विमानाची प्रतिकृती २०२३ च्या बंगळूर प्रदर्शनात मांडली गेली.

ठाणे व नवी मुंबई परिसरात या विमानांचा तळ नाही. येऊर व कोलशेत येथे वायुदलाची केंद्रे आहेत, पण धावपट्टी नाही. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर वायुदलाचे सी-२९५ मालवाहू विमान उतरले व सुखोई-३० खालून झेपावत गेले. हॉक त्यात नव्हते. हॉक जवळून पाहण्याची संधी जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवरील, वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाच्या हवाई कवायतींत मिळाली. त्या वेळी लोकलने चर्चगेट गाठलेल्या ठाणेकरांनी तांबड्या-पांढऱ्या विमानांच्या छतावरची ती पायरी पाहिली असेल. ठाण्याहून महामार्गाने नाशिक ओलांडल्यावर लागणाऱ्या ओझरच्या कारखान्यात ऑक्टोबर २०२५ पासून तेजसची आणि एचटीटी-४० या पंख्याच्या प्रशिक्षण विमानाची जुळणी शेजारी शेजारी चालते.