मेश बारीक केली की उत्तर बरोबर? नाही हो

कॉम्प्युटरवर पार्टचा स्ट्रेस (आतला ताण) काढायला त्याचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, करतात, त्या जाळीला मेश म्हणतात. "मेश जितकी बारीक तितकं उत्तर बरोबर" हे कॉलेजपासून ऐकत आलोय, पण ते अर्धंच खरं आहे. गोल भोकाची रुंद प्लेट ओढा, मेश बारीक करत गेलात की भोकाच्या कडेचा स्ट्रेस भोकापासून लांबच्या स्ट्रेसच्या साधारण 3 पटीवर येऊन स्थिरावतो, जर्मन इंजिनिअर किर्शने 1898 मध्येच हे गणिताने काढलंय. आता एल ब्रॅकेटचा आतला कोपरा फिलेट (कोपऱ्याची गोलाई) न देता शार्प ठेवा, तिथे एलिमेंट साइज अर्धी करा, परत अर्धी करा, आकडा चढतच जातो, थांबतच नाही, कारण लिनियर इलॅस्टिक थिअरीतच (स्ट्रेस आणि ताणलं जाणं सरळ प्रमाणात धरणारं गणित) तिथला स्ट्रेस अनंत आहे! त्यामुळे पार्टवर जो फिलेट खरोखर असतो तो मॉडेलमध्ये घ्या, मग त्याच्या वळणावर मेश बारीक करा. आणि वाकणाऱ्या पार्टला 4 नोडवाले (फक्त कोपऱ्यांवर बिंदू असलेले) टेट्रा, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे एलिमेंट, प्लीज नको, ते फार ताठ वागतात, स्ट्रेस कमी दाखवतात, 10 नोडवाले घ्या.