सात रांगा आणि एक पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात अडत्याची पट्टी पडते. नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं एका कागदावर. नावांची एक वही, वजनांची दुसरी, दरांची तिसरी असा कारभार कुठलाही दिवाणजी करणार नाही. प्रोग्रामरना मात्र तो बरीच वर्षं करावा लागला.

१९५७ ची फोरट्रान ही संगणकाची भाषा गणितं सोडवायला जन्मली. तिच्याकडे अॅरे होते, म्हणजे एकाच जातीच्या मालाची रांग. आपल्या पट्टीसाठी अशा सात रांगा लागतील आणि सतरावा शेतकरी म्हणजे प्रत्येक रांगेतली सतरावी जागा. वजनं उतरत्या क्रमानं लावली आणि नावं हलवायची राहिली, की मिरजेची हळद तासगावच्या नावावर! फोरट्रानला याचा इलाज थेट ‘फोरट्रान ९०’ मध्ये मिळाला.

व्यापारी हिशेबांच्या प्रोग्रामिंगमध्ये हे दुखणं नव्हतंच. तिथं ८० रकान्यांचं पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायचं कार्ड, हीच एक पट्टी होती. त्यामुळे १९६० च्या कोबॉल भाषेमध्ये सुरुवातीपासून ‘०१’ खाली अख्खी नोंद आणि ‘०५’ सारख्या आकड्यांखाली तिचे भाग लिहिता येत. विद्यापीठातल्या मंडळींनी कोबॉलला नाकं मुरडली, पण त्यांच्या लाडक्या अल्गोल ६० या भाषेमध्ये अॅरेपलीकडे काही नव्हतं. १९६५ मध्ये संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी अल्गोलसाठी ‘रेकॉर्ड’, म्हणजे आपल्या पट्टीसारख्या नोंदी, सुचवले. त्याच कामात ‘नल’, म्हणजे कुठलीच नोंद न दाखवणारा पत्ता, हाही आला, ज्याला त्यांनीच २००९ मध्ये आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या आपल्या पास्कल भाषेमध्ये ‘रेकॉर्ड’ हा शब्द रुळवला.

मला सगळ्यात रस वाटतो तो सी भाषेच्या गोष्टीत. तिची आई ‘बी’. तिला मशीनचा एक शब्द एवढा एकच प्रकार ठाऊक. १९७२ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सीमध्ये लिहायला घेतला आणि सोडून दिला. एक कारण हेच, की हवी तशी नोंद बांधायला स्ट्रक्चर नव्हतं. फाइल काय, प्रोसेस काय, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जिकडेतिकडे पट्ट्याच! सीचे जनक डेनिस रिची यांनी स्ट्रक्चर आणलं आणि १९७३ च्या उन्हाळ्यात गाभा सीमध्ये उतरला.

तरी सुरुवातीचं स्ट्रक्चर अर्धकच्चं होतं. अख्खी पट्टी दुसऱ्या फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या दुसऱ्या तुकड्याच्या, हाती देता येत नसे, फक्त तिचा पत्ता देता येई. शिवाय सगळ्या स्ट्रक्चरमधल्या रकान्यांची नावं एकाच ढिगात पडत, म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला आदळू नये यासाठी नावाच्या सुरुवातीला आडनावासारखी अक्षरं जोडत: वेळेच्या रकान्यांना ‘टीएम’, फाइलच्या माहितीला ‘एसटी’ (आपली लाल एसटी नव्हे). पुढे प्रत्येक स्ट्रक्चरचा ढीग वेगळा झाला, या जोडलेल्या अक्षरांची गरज संपली. तरी युनिक्सच्या वळणावर बेतलेल्या आजच्या लिनक्समध्ये फाइलचा आकार विचारा, उत्तर अजून ‘एसटी_साइझ’ याच रकान्यात येतं.