जळालेल्या नोत्र दामचे दगड काय सांगत होते

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळचे ते व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलेत. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं छप्पर पेटलेलं, आठच्या थोडं आधी तो उंच टोकदार मनोरा मधूनच मोडून खाली जातो आणि नदीकाठी उभी असलेली माणसं रडतायत. मीही ते कितीदा तरी बघितले असतील. पण मला त्या रात्रीपेक्षा पुढची पाच वर्षं जास्त ओढून घेतात, कारण साडेआठशे वर्षं जुनी इमारत परत उभी करायची तर आधी आगीने तिचं नेमकं काय केलंय हे समजून घ्यावं लागतं, आणि ते लिहिलेलं असतं खाली पडलेल्या ढिगाऱ्यात. तो ढिगारा डंपर लावून दोन आठवड्यांत उपसून टाकला असता तर सगळंच संपलं असतं.

आधी जळालं काय ते बघू. या इमारतीला दोन छतं होती. आत उभं राहून वर बघितलं की दिसतं ते दगडी कमानींचं छत, आणि त्याच्यावर, माळ्यावर, ओक लाकडाच्या कैच्यांचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांचं, जंगल. फ्रेंच लोक त्याला खरंच 'जंगल' म्हणायचे, कारण ते बनवायला तेराशेच्या आसपास झाडं लागली असावीत असा अंदाज होता. तुळया १२व्या-१३व्या शतकातल्या, म्हणजे शेकडो वर्षं वाळलेलं लाकूड, भोवती भरपूर हवा आणि आगीला अडवणारी एकही भिंत नाही. खरं तर जाड तुळई जळायला तशी वेळखाऊ असते, वरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला उष्णतेपासून वाचवतो, तासाभरात साधारण तीन-चार सेंटीमीटर खोल एवढीच आग आत सरकते. पण इथे तुळया इतक्या दाटीने होत्या की एकीची आच दुसरीला लागत गेली. पहिला अलार्म वाजला ६.२० च्या आसपास, बघायला गेलेला माणूस चुकीच्या ठिकाणी गेला, आणि प्रत्यक्ष ज्वाळा दिसेपर्यंत जवळजवळ अर्धा तास गेला. अशा माळ्यावर अर्धा तास म्हणजे फार झाला.

लाकडाच्या वर होते शिशाचे पत्रे. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, लाकडाच्या आगीपुढे ते काहीच नाही. छप्पर आणि मनोरा मिळून चारशे टनांहून जास्त शिसं होतं, त्यातलं बरंचसं वितळून खाली ओघळलं आणि काही बारीक धूळ होऊन सगळीकडे पसरलं. ही धूळ पुढे प्रत्येक कामात आडवी आली. ती पोटात गेली तर विषारी, म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गवंडी असो नाहीतर शास्त्रज्ञ, बाहेरचे कपडे काढून डिस्पोजेबल कपडे आणि मास्क घालायचा आणि बाहेर येताना दर वेळी शॉवर घ्यायचा, जेवायला निघालात तरी. २०१९ च्या उन्हाळ्यात तर याच कारणाने काम काही आठवडे बंदच ठेवावं लागलं होतं.

आता दगडाकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

दगड पॅरिस परिसरातला चुनखडीचा, साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेला, रंगाने फिकट पिवळसर. हा रंग येतो त्यातल्या अगदी थोड्याशा लोहामुळे. दगड तापून ३०० ते ४०० अंशांच्या घरात गेला की त्या लोहाच्या खनिजातलं पाणी उडून जातं, खनिज बदलतं आणि दगड गुलाबी-लालसर होतो. सहाशेच्या पुढे तो काळपट-राखाडी होत जातो आणि आठशेच्या आसपास खुद्द चुनखडीच फुटते, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. चुन्याच्या भट्टीत मुद्दाम करतात तेच इथे छतावर आपोआप झालं. आणि कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की काय होतं ते माहितीच आहे, तो तापतो, फुगतो आणि भुगा होतो. म्हणजे दगडाचा रंग हाच थर्मामीटर! आग विझून कित्येक महिने झाले तरी दगड सांगतो की मी किती तापलो होतो. गुलाबी असेल तर वरचा पातळ थर कमजोर झाला असेल पण आत बहुतेक शाबूत, पांढरट पिठूळ असेल तर भरवसा नाही.

फ्रान्समध्ये ऐतिहासिक वास्तूंसाठी सरकारची वेगळी संशोधन प्रयोगशाळा आहे, पॅरिसच्या बाहेर एका राजवाड्याच्या जुन्या तबेल्यांमध्ये. तिथल्या लोकांनी पडलेले दगड असेच रंग बघून तपासले, आणि शिवाय ते परत परत वजन करून बघत होते. वजन कशासाठी? तर आग विझवताना मारलेलं पाणी दगडाने स्पंजसारखं पिऊन घेतलेलं असतं, त्याने कमानींवरचा भार वाढतो, हिवाळ्यात ते गोठलं तर दगडाला चिरा जातात, आणि जाडजूड दगड आतून सुकायला महिनेच्या महिने लागतात. त्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षांनी विमानातून पाणी टाका असा सल्ला दिला होता आणि फ्रेंच यंत्रणेने लगेच सांगितलं की तसं केलं तर अख्खी इमारत कोसळेल. टनावारी पाणी उंचावरून जेमतेम १२-१५ सेंटीमीटर जाडीच्या तापलेल्या दगडी छतावर आदळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. हो, बघताना एवढं अवजड वाटणारं ते दगडी छत बहुतेक ठिकाणी वीतभरही जाड नाही, आणि तरी बराचसा भाग टिकला. मनोरा पडला तिथे आणि आणखी दोन ठिकाणी भोकं पडली, बाकीचं राहिलं. मध्ययुगातल्या त्या गवंड्यांचं काम किती पक्कं होतं ते यावरून कळतं.

पण टिकलं म्हणजे सुरक्षित होतं असं अजिबात नाही. नोत्र दामसारखी गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या उंच टोकदार कमानींच्या शैलीची, इमारत म्हणजे ढकलाढकलीचा तोल असतो. आतलं कमानछत भिंतींना बाहेर ढकलतं, आणि बाहेरून लावलेल्या त्या तिरप्या दगडी कमानी, ज्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात, भिंतींना आत ढकलतात. आतली ढकल गेली तर बाहेरचा टेकूच भिंत पाडू शकतो. त्यात छपराचं वजन गेलेलं, जे भिंतींना वरून दाबून धरायचं. व्हर्साय विद्यापीठातले पाओलो व्हानूची यांनी गणित केलं तेव्हा असं निघालं की आगीआधी ही इमारत ताशी २२० किलोमीटरच्या वाऱ्याला तोंड देऊ शकत होती, आगीनंतर ती मर्यादा ९० वर आली. ९० चा वारा काही फार दुर्मिळ नाही, त्यामुळे पहिलं मोठं काम होतं ते म्हणजे २८ फ्लाइंग बट्रेसच्या खाली मापात कापलेले लाकडी साचे बसवून त्यांना जागच्या जागी धरून ठेवणं.

आणि मग ती परांची. आग लागली तेव्हा मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी लोखंडी परांची बांधलेली होती, चाळीस हजार तुकड्यांची, ती तापून वाकली, एकमेकांत चिकटली, आणि मनोरा पडला तरी ती तशीच उभी राहिली. जवळजवळ दोनशे टन लोखंड, त्यातलं निम्मं चाळीस मीटरच्या वर लटकतंय आणि कुठला पाइप कापल्यावर कुठला सुटेल काही सांगता येत नाही. शेवटी तिच्याभोवती दुसरी परांची उभारली, आणि जून २०२० पासून दोरांना लटकलेले कामगार वरून खाली उतरून इलेक्ट्रिक करवतीने एकेक पाइप कापत गेले, ते नोव्हेंबरपर्यंत चाललं. मला या कामगारांचं मनापासून कौतुक वाटतं, नवीन मनोऱ्याचे फोटो सगळे शेअर करतात पण ही परांची पडली असती तर पुढचं काहीच उरलं नसतं.

आतला ढिगारा उचलायला माणसं पाठवता येत नव्हती, वरून केव्हाही दगड येऊ शकत होते, म्हणून दुरून चालवायची यंत्रं आत सोडली. प्रत्येक तुकडा कुठे पडला होता त्याची नोंद करायची, फोटो काढायचे, मग उचलायचा, आणि बाहेर तंबूंमध्ये रांगेत मांडायचा. जळका वासा, कमानीचा दगड, खिळा, सगळं. इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, अँड्र्यू टॅलन. या अमेरिकन कला-इतिहासकाराने आगीच्या कितीतरी आधी लेसर स्कॅनर घेऊन अख्खं कॅथेड्रल मोजून ठेवलं होतं, अब्जाहून जास्त बिंदू, मिलिमीटरच्या हिशोबात. तो २०१८ मध्ये गेला, आगीच्या काही महिने आधी. त्याचं स्कॅन, लाकडी कैच्यांचा दोन फ्रेंच वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये केलेला सर्व्हे आणि आगीनंतरची नवी मोजमापं एकत्र करून संगणकात एक जुळं कॅथेड्रल तयार झालं, आणि ढिगाऱ्यातला दगड कुठल्या कमानीतला हे त्यावरून शोधता यायला लागलं.

आगीमुळे आधी कधीच न दिसलेल्या गोष्टीही उघड्या पडल्या. भिंतींच्या दगडांना एकमेकांत अडकवणाऱ्या लोखंडी पकडी सापडल्या, पुष्कळ. त्या लोखंडातल्या कार्बनवरून वय काढलं तेव्हा कळलं की त्यातल्या कित्येक अगदी ११६० च्या दशकातल्या, म्हणजे बांधकामाच्या सुरुवातीपासूनच्या आहेत. इतकं उंच आणि इतकं सडपातळ कसं बांधलं याचं अर्धं उत्तर त्या लोखंडात होतं आणि साडेआठशे वर्षं ते भिंतीत लपून राहिलं होतं.

मग प्रश्न आला की परत बांधायचं कशाने. हा वाद काही नवा नाही. फ्रान्समधल्याच शार्त्रचं कॅथेड्रल १८३६ मध्ये जळालं तेव्हा तिथे लोखंडी सांगाडा घातला, रेन्सचं पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी पेटलं तेव्हा काँक्रीटच्या तुळया बसवल्या, आणि दोन्ही आजही व्यवस्थित उभे आहेत. त्यामुळे नोत्र दामला लाकूडच कशाला असं विचारणारे लोक चुकीचे नव्हते. पण जुलै २०२० मध्ये ठरलं की होतं तसंच, ओकचंच. मला हा निर्णय पटतो आणि त्याचं कारण भावनिक नाही. त्या भिंती लाकडी छपराच्या वजनाला आणि लाकडाच्या लवचिकपणाला सरावलेल्या आहेत, आणि त्या लाकडाने आठशे वर्षं टिकून दाखवलेलं आहे. शिशाबद्दल मात्र मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. छप्पर परत शिशाचंच केलं आणि ती धूळ साफ करायला किती कष्ट पडले ते वाचल्यावर हा हट्ट मला जड जातो.

झाडं साधारण दोन हजार लागली, फ्रान्सभरच्या जंगलांतून. मनोऱ्याच्या मोठ्या तुळयांसाठी उंच सरळ झाडं हवी होती, त्यातली काही दोनशे वर्षांची होती. ती मार्च २०२१ संपायच्या आत तोडायची होती, कारण वसंतात झाडात रस चढायला लागला की लाकडात ओल वाढते. आणि मधल्या भागाच्या कैच्यांसाठी सुतारांनी करवत बाजूला ठेवून कुऱ्हाडी घेतल्या, रुंद पात्याच्या, फ्रान्सच्या अल्सास भागात खास हाताने घडवलेल्या साठ कुऱ्हाडी. बघायला हे जुन्या काळाचं नाटक वाटू शकतं पण यामागे अगदी व्यवहारी विज्ञान आहे. करवत सरळ रेषेत जाते, झाड मात्र कधीच पूर्ण सरळ वाढत नाही, त्यामुळे करवत मध्येच धागे तोडते. कुऱ्हाडीने तासणारा सुतार धाग्याच्या कलाने जातो, तुळई किंचित वाकडी झाली तरी चालेल पण धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात आणि झाडाचा गाभा बरोबर मध्यात येतो. अशी तुळई ओली असताना बसवली तरी सुकताना फारशी पिळवटत नाही, मुळातल्या सुतारांनीही ओलंच लाकूड वापरलं होतं.

या वेळी माळ्यावर आगीसाठीची तयारी वेगळी आहे. बारीक तुषार सोडणारी यंत्रणा बसवलीये, जी थोड्या पाण्यात ज्वाळेची उष्णता शोषून घेते आणि खालच्या दगडाला भिजवून टाकत नाही, शिवाय माळा आता आग अडवणाऱ्या भिंतींनी विभागलाय म्हणजे एका टोकाची आग सरळ दुसऱ्या टोकाला पोचणार नाही.

आतल्या भिंती साफ करायची पद्धत मला फार आवडली. पाणी मारून धुतलं तर शिसं दगडात आणखी आत जाणार, म्हणून आधी व्हॅक्यूमने धूळ ओढली आणि मग लॅटेक्सची पेस्ट फवारली. ती काही दिवसांत सुकून रबरासारखी होते, मग कडेला धरून सोलायची, आणि तिच्याबरोबर शिसं, काजळी, शेकडो वर्षांचा मेणबत्त्यांचा धूर सगळं निघून येतं. खाली दगड असा फिकट उजळ निघाला की आज जिवंत असलेल्या कोणीच तो तसा बघितला नव्हता.

मोठा ऑर्गन जळाला नव्हता पण त्याच्या आठेक हजार नळ्या त्याच धुळीने भरलेल्या होत्या, म्हणून तो सुटा करून बाहेर नेला आणि परत बसवल्यावर २०२४ मध्ये कित्येक महिने रात्री त्याचे सूर लावले, कारण दिवसा बांधकामाच्या आवाजात एकेक नळी ऐकू येणार कशी? आवाजाचंही मोजमाप आधीचं होतं, ध्वनिशास्त्रज्ञ ब्रायन कॅट्झ यांच्या टीमने आगीच्या काही वर्षं आधी आतला घुमारा नोंदवून ठेवला होता, आणि २०२० मध्ये छताला भोकं असताना परत मोजला तर तो कमी झालेला आढळला.

डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली. ढिगाऱ्यातून जपून ठेवलेले जळके वासे मात्र अजून गोदामात आहेत आणि प्रयोगशाळेत त्यांची एकेक वाढ-वर्तुळं मोजली जातायत. बाहेरून कोळसा झालेल्या त्या लाकडाच्या गाभ्यात १२व्या-१३व्या शतकातला पाऊस आणि उन्हाळे वर्षावर्षाने नोंदलेले आहेत, आणि ते वासे वर छपरात होते तोवर कोणीच त्यांना असं कापून बघू शकत नव्हतं.