शेंदूर काळा का येतो?

गावाच्या शिवेवर कडुलिंबाखाली म्हसोबा असतो. भर उन्हात लिथ फिल्मवर, म्हणजे छापखान्यांसाठी बनलेल्या कृष्णधवल फिल्मवर, त्याचा फोटो काढला, तर प्रिंटमध्ये भडक शेंदूर काळाकुट्ट येतो आणि मागचं निळं आभाळ पांढरंफेक. डोळ्याला दिसतं त्याच्या जवळजवळ उलट. या फिल्मचं निम्मं शास्त्र या एका फोटोत आहे.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. त्यांना मुळात निळा प्रकाशच कळतो. विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं की हिरवाही कळू लागतो, हे हर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये बर्लिनमध्ये सापडलं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिल यांनी अजिंठा-वेरूळचे फोटो काढले ते त्याआधी, १८६०च्या दशकात. फिल्मऐवजी ते वापरत त्या काचेच्या निगेटिव्हना निळ्यापलीकडे फारसं दिसत नव्हतं. लिथ फिल्म हिरव्यापर्यंत येऊन थांबते. सुमारे ५८० नॅनोमीटरच्या पुढचा नारिंगी-लाल प्रकाश तिच्या लेखी अंधारच. शेंदूर नेमका तोच प्रकाश परत पाठवतो. त्याच्या जागी निगेटिव्ह कोरी राहते, म्हणून प्रिंटमध्ये तो काळा.

याच कारणामुळे ती लाल दिव्यात, उघड्या ट्रेमध्ये, डोळ्यांदेखत डेव्हलप करता येते, म्हणजे डेव्हलपर या रसायनात बुडवून तिच्यावरचं चित्र उमटवता येतं. मात्र बाजारातल्या प्रत्येक लाल बल्बवर विश्वास टाकू नका. फिल्मच्या तुकड्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं त्या दिव्याखाली राहू द्या आणि मग तो डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदला.

आता कॉन्ट्रास्टकडे, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाकडे. प्रकाश पडलेल्या स्फटिकात चांदीचे जेमतेम चार-पाच अणू सुटे झाले, तरी डेव्हलपर त्या खुणेवरून अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. साध्या फिल्ममध्ये लहानमोठे स्फटिक मिसळलेले असतात. मोठे थोड्या प्रकाशात जागे होतात, लहानांना जास्त लागतो, म्हणून मधले करडे रंग मिळतात. लिथ फिल्मचे स्फटिक बारीक आणि जवळपास एकाच आकाराचे. एकाच वाणाची, एकाच दिवशी पेरलेली ज्वारी जशी सगळी एकदम हुरड्यात येते, तसे हे स्फटिक एका ठरावीक प्रकाशाला एकदम काळे पडतात. त्याखाली काही नाही, त्यावर सगळं.

उरलेलं काम डेव्हलपरमधलं मुख्य द्रव्य, हायड्रोक्विनोन, करतं. लिथ डेव्हलपरमध्ये सल्फाइट मुद्दाम अगदी कमी ठेवतात. त्यामुळे हायड्रोक्विनोनपासून तयार होणारी मधली द्रव्यं टिकतात आणि शेजारच्या स्फटिकांचंही डेव्हलपिंग भडकवतात. सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग काळा रंग झपाट्याने पसरतो. त्या क्षणी फिल्म उचलायला हात तयार हवा. थोडे करडे रंग हवे असतील तर लिथ डेव्हलपर सोडा आणि प्रिंटच्या कागदाचा डेव्हलपर बराच पातळ करून वापरा. वेरूळच्या बेसाल्टवरचं कोरीवकाम सावलीत सपाट दिसतं, तिथे ही फिल्म शोभून दिसते. दुपारच्या उन्हात मात्र काय काळं होऊ द्यायचं ते आधी ठरवावं लागतं.

या फिल्मचा वेग फार कमी, म्हणजे तिला प्रकाश जास्त लागतो. वेगाचा आकडा आयएसओ ६ धरला तर कडक उन्हात लेन्सच्या एफ १६ या बारीक छिद्राला १/६ सेकंद, म्हणजेच एफ ४ या मोठ्या छिद्राला साधारण १/१०० सेकंद. उन्हाची आपल्याकडे वाण नाही, पण सावलीत गेलात की स्टँड लागतोच.

मराठवाड्यात खरी परीक्षा पाण्याची. डेव्हलपरच्या वेळा सहसा २० अंश सेल्सिअसला दिलेल्या असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. अशा पाण्यात हायड्रोक्विनोन सैराट सुटतं, जिलेटिन फुगून मऊ पडतं, बोट लागलं तरी ओरखडा उठतो. कोरड्या हवेत माठ पाणी छान गार करतो, कारण पाझरलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात दमट हवेत हा आधार कमी पडतो. मग पसरट घमेल्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवावेत. डेव्हलपर, हायपो (उरलेले चांदीचे क्षार विरघळवून चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी तिन्ही एकाच तापमानाला हवीत. गारातून एकदम गरम पाण्यात गेलं की जिलेटिनला सुरकुत्यांची जाळी पडते आणि ती पुन्हा जात नाही.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार भरपूर. डेव्हलपरमधल्या सोड्याशी त्यांचा संयोग झाला की पांढरी साय धरते, फिल्म वाळताना डाग पडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी त्यावर स्वस्त उपाय आहे: डेव्हलपर त्यात करा आणि शेवटचं खळबळणंही त्यातच.

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवलं होतं. ती विरघळलेली चांदी पाण्यातल्या जिवांना घातक असते, म्हणून वापरलेला हायपो नालीत ओतू नका. बादलीत स्टील वुल टाकून काही दिवस ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी तळाशी बसते.