नवा सर्व्हर घेण्याआधी जुना मोजून घ्या

मार्च लागला की नागपुरात बर्डी, धरमपेठेतून फोन सुरू होतात: "सर्व्हर (ऑफिसच्या सगळ्या फाइली ठेवणारा कॉम्प्युटर) फार स्लो झालाय, नवा टाकून द्या." नवा विकायला आम्हाला आवडेलच, पण आधी मोजू द्या.

इतवारीतल्या एका ग्राहकाकडे फाइल कॉपी सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जाईना. हा आकडा दिसला की आम्ही सर्व्हर उघडतच नाही, केबल शोधतो. गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटच्या लाइनवर साधारण ११० मेगाबाइट मिळायला हवेत (आठ बिटांचा एक बाइट). ११ म्हणजे लाइन १०० मेगाबिटवर उतरलेली. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी तुटली तरी काही बंद पडत नाही, सगळं मुकाट्याने रेंगाळतं. तिथे लोखंडी कपाटाचा पाय केबलवर आला होता. सर्व्हर अजून तोच आहे.

घरच्या घरी मोजायचं तर केबलने जोडलेल्या पीसीवरून मोजा, वायफायवरून नको. चार-पाच जीबीची एकच फाइल सर्व्हरवरून कॉपी करा, वेळ लिहून ठेवा. मग तेवढ्याच आकाराचं, पण हजारो छोट्या फाइलींचं फोल्डर घ्या. तीच फाइल दुसऱ्यांदा लवकर आली तर हुरळू नका, ती डिस्कवरून नाही, सर्व्हरच्या रॅममधून आलेली असते. आणि रविवारी मोजू नका. सगळे कामाला लागलेले असतात तेव्हा, सकाळी अकराला मोजा.

मोठी फाइल झपाट्याने येते आणि छोट्या रखडतात, तर लाइन बहुधा ठीक आहे. मग डिस्क किंवा अँटिव्हायरस बघायचा. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० वेळा फिरणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद लागतात. विखुरलेला डेटा गोळा करताना ती सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. एसएसडी, म्हणजे फिरणारा भागच नसलेली डिस्क, हजारो वेळा. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा तेवढा एसएसडीवर घ्या, जुने स्कॅन जुन्या डिस्कवर राहू द्या. खर्च नव्या सर्व्हरच्या निम्म्याहून कमी.

एक हात जोडून विनंती: मे महिन्यात सर्व्हरसमोर कूलर लावू नका. त्याच्या ओल्या हवेने चिकटलेली धूळ आम्ही दर पावसाळ्यात ब्रशने काढतो.

आम्ही मोजायला आलो की आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर लिहून देतो. फरक पडला नाही तर फक्त भेटीचे पैसे घेतो.