मूळ कागद आणि मधला हात

अमेरिकेचा इतिहास शिकताना त्या काळची पत्रे, जाहीरनामे, खटल्यांचे कागद थेट वाचायला देण्याची पद्धत आज तिथल्या शाळांतही रुळली आहे. असे कागद गोळा करून छापण्याची खटपट जवळजवळ त्या देशाइतकीच जुनी आहे.

एबेनेझर हॅझर्ड हा स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातला टपालखात्याचा अधिकारी. कामासाठी फिरताना तो ठिकठिकाणची जुनी दफ्तरे नकलून घ्यायचा. फेब्रुवारी १७९१ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने त्याला लिहिले की, उरलेले कागद वाचवायचे तर कुलपात ठेवून भागणार नाही. इतक्या प्रती काढा की कुठल्याही अपघाताने सगळे नाहीसे होऊ नये. जेफरसनला हे सुचावे यात नवल नाही. १७७० मध्ये व्हर्जिनियातल्या शॅडवेलचे त्याचे घर जळाले, तेव्हा त्याची बहुतेक पुस्तके आणि कागद त्यात गेले होते. हॅझर्डचे दोन खंड १७९२ आणि १७९४ मध्ये निघाले.

प्रती निघू लागल्या, पण नक्कल करणाऱ्याचा हातही त्यांत उतरू लागला. इतिहासकार जेरेड स्पार्क्सने १८३० च्या दशकात जॉर्ज वॉशिंग्टनची पत्रे बारा खंडांत छापली. एका पत्रात वॉशिंग्टनने हाती येणाऱ्या रकमेला 'पिसवाचा चावा' म्हटले होते; स्पार्क्सने तिथे 'आमच्या गरजेला अगदीच अपुरी' असे सभ्य वाक्य घातले. जनरल पटनमला वॉशिंग्टन 'ओल्ड पट' म्हणतो, तेही त्याने पुसले. मूळ पत्रांशी ताडून पाहिल्यावर १८५० च्या सुमारास यावरून मोठा वाद झाला. स्पार्क्सने कागद जमवायला अपार कष्ट घेतले होते, हेही खरेच. तरी त्या पिसवाच्या चाव्यात सेनापतीचा जो वैताग आहे, तो गेला याची हळहळ वाटते.

पुढे १९३४ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागार स्थापन झाले. १९५० मध्ये ज्युलियन बॉइडच्या संपादनाखाली जेफरसनच्या कागदपत्रांचा पहिला खंड आला आणि काटेकोर संपादनाचा नवा पायंडा पडला.

पण या साऱ्या खटाटोपात मोठ्या माणसांचेच कागद जास्त. गुलामगिरी सोसलेल्यांना तर अनेक राज्यांत लिहायला-वाचायला शिकवण्याचीच बंदी होती. १९३६ ते १९३८ या काळात, महामंदीत बेकार लेखकांना काम देणाऱ्या सरकारी लेखक प्रकल्पाने अशा हयात लोकांच्या २,३०० हून अधिक मुलाखती टिपल्या. मला हा संग्रह सर्वांत मोलाचा वाटतो, आणि सर्वांत जपून वाचावासाही. सांगणारे बहुतेक ऐंशीच्या आसपासचे किंवा त्याहून वयस्क. गुलामगिरी संपली तेव्हा त्यांतले कित्येक लहान मुले होती. टिपणारे बहुतेक गोरे, अनेकदा त्याच भागातले. म्हातारा माणूस त्यांच्यापुढे किती मोकळा बोलणार? सांगणाऱ्यांची बोली कशी लिहायची याच्या सूचनाही वरून आलेल्या. टेक्सासमध्ये पुढे सापडलेल्या मूळ टंकलिखितांत असा मजकूर निघाला, जो राजधानी वॉशिंग्टनला पाठवलेल्या प्रतींत नव्हता.