मिठाचं दार, गोड्या पाण्याची कडी

मालवणच्या मच्छीमाराला केंड मासा कसा असतो ते सांगावं लागत नाही. पाण्याबाहेर काढला की पोट फुगवून चेंडू होतो, आणि पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी जाळं कुरतडून टाकतो. याच कुळातला एक थोराड, रुपेरी गालांचा केंड २००३ मध्ये तुर्कस्तानच्या गोकोवा आखातात सापडला. हा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला. भूमध्य समुद्रात तो शिरला सुएझ कालव्यातून.

कालवा तर १८६९ मध्येच खुला झाला होता. मग अशा पाहुण्यांची रीघ लागायला इतकी वर्षं का लागली? मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. कालव्याच्या वाटेवर ग्रेट बिटर लेक लागतं. या सुकलेल्या खोलगट भागाच्या तळाशी मिठाचा जाड थर होता. पाणी भरलं तसं मीठ विरघळलं आणि सरोवर समुद्रापेक्षा कितीतरी खारट झालं. बहुतेक माशांना ते ओलांडणं कठीण होतं. तो खारटपणा उतरायला कित्येक दशकं गेली. उत्तर टोकाला दुसरी कडी होती. दरवर्षी नाईलला पूर आला की पोर्ट सैदच्या बाजूला समुद्रावर गोड्या पाण्याचा थर पसरायचा. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झालं, पूर थांबला आणि तीही कडी निघाली. पनामा कालव्यात मधोमध गोड्या पाण्याचा गाटुन तलाव आहे, तो बहुतेक सागरी माशांना आजही अडवतो. सुएझमध्ये असं काहीच उरलेलं नाही. त्यात २०१५ मध्ये कालव्याचा काही भाग रुंद झाला, आणि भूमध्य समुद्र तापतोच आहे. तांबड्या समुद्राकडून आलेल्या माशांच्या जाती आता शंभराच्या वर गेल्या आहेत.

केंडाचा त्रास डोळ्यांना दिसतो. गळाच्या दोऱ्या कात्रीने कापाव्यात तशा तुटून येतात, जाळ्यातले मासे अर्धे खाल्लेले असतात. त्याहून वाईट म्हणजे त्याचं विष. टेट्रोडोटॉक्सिन शिजवून जात नाही, त्यावर उतारा नाही. मज्जातंतूंचे निरोप स्नायूंपर्यंत पोचणं बंद होतं आणि माणूस शुद्धीवर असतानाच त्याचा श्वास अडकतो.

सशासारखं तोंड असलेले रॅबिटफिश मात्र गाजावाजा न करता काम करतात. हे शाकाहारी मासे १९२० च्या दशकापासून तिथे आहेत. खडकांवरचं शैवाल ते खातातच, नव्याने फुटणारे कोंबही खरवडतात, त्यामुळे शैवालाचं रान पुन्हा उभं राहत नाही. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर कितीतरी ठिकाणी आता नुसता उघडा कातळ दिसतो. त्या रानात लपणारी पिल्लं कुठे जाणार, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

लायनफिशचं त्यातल्या त्यात बरं आहे. त्याचे काटे विषारी असले तरी मांस खाता येतं, म्हणून सायप्रसमध्ये काटे कात्रीने छाटून तो ताटात वाढू लागले आहेत. जितका खाल्ला जाईल तितका कमी होईल, हा सरळ हिशेब. केंडाच्या बाबतीत तो लागू पडत नाही. तुर्कस्तानात पकडलेल्या केंडाच्या शेपटीमागे मच्छीमाराला सरकार पैसे देतं. सायप्रसमध्येही पैसे मिळतात, पण ते मासे बाजारात जात नाहीत. गोळा करून जाळून टाकावे लागतात.